रक्तदाबमुक्त सावळटेक

महादेवराव गेले त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनपर्यंत, सावळटेक गावात रक्तदाब होता. त्यानंतर तो ठरावाने रद्द झाला.

उपकेंद्रातलं बीपीचं मशीन बिघडलं होतं आणि जिल्ह्याला रक्तदाबाचा अहवाल त्याच संध्याकाळी हवा होता. आरोग्य समितीचे अध्यक्ष महादेवराव. त्यांची मुलगी इला वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. पोळ्या लाटताना तिने त्यांना सांगितलं होतं, की इलेक्ट्रॉनचा स्पिन हा गुणधर्म मोजण्याआधी ठरलेलाच नसतो, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. बापाने आयुष्यात पहिल्यांदा तिचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि दुपारी समितीच्या बैठकीत त्याचा ठराव केला : 'मोजमापापूर्वी गुणधर्मास निश्चित मूल्य नसल्याने, न मोजलेला रक्तदाब निरंक समजण्यात यावा.'

"बाबा, ते इलेक्ट्रॉनचं हाय. त्याच्यावरही अजून भांडणं चालू हायेत. माणसाले काऊन लावता?"

"माणसात इलेक्ट्रॉन नाई काय?"

अनुमोदक डोमाजींनी टाळी वाजवली.

ठरावाचा लाभ इतर खात्यांनाही देण्यात आला. अंगणवाडीचा वजनकाटा कपाटात गेला, कुपोषण संपलं. पर्जन्यमापक पालथं घातलं, अतिवृष्टी थांबली.

दुसऱ्या दिवशी 'रक्तदाबमुक्त गाव' या फलकापुढे नारळ फोडताना महादेवराव मानेमागे हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर इला मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेली. लिपिक मुकेशने रजिस्टर उघडलं.

"कारण काय लिहू, ताई?"

"रक्तदाब."

"तो गावात नाई. बाबांचीच सही हाय. कोणी मोजला होता काय?"

"नाई."

"मंग होता, हे कायवरून?" मुकेशने पेन खाली ठेवलं. "तसं पाह्यलं तर त्यायची नाडीही कोणी मोजली नाई. मी त्यायले हयातच ठेवतो. तुमच्या मनालेही बरं वाटन."

क्षणभर इलाला तो तोडगा पटला.

"होता, मुकेशभाऊ," ती म्हणाली. "दिवाळीपासून बाबा दोन पायऱ्या चढले की थांबत. माझ्या वर्ध्याच्या घरी बीपीचं मशीन हाय. दर रविवारी इकडे येताना मी ते मुद्दाम ठेवून यायची. आकड्याचं भेव वाटे. मोजला नाई, तरी तो होता."

मागे दाखल्यांच्या रांगेत उभ्या लोकांनी, कोणी दंडाला पट्टा बांधेल म्हणून, हळूच बाह्या खाली ओढल्या.

"आन् मले माहीत होतं," इला त्यांच्याकडे वळून म्हणाली. "जसं तुमाले माहीत हाय."