गॅरिसन मार्शलची पुंचकी-स्वारी

श्रीमंत सकलगुणमंडित वाचक साहेबांचे सेवेसी, अमेरिका मुलखातील हॅमट्रॅमक कसब्याचा रहिवासी सेवक, दोहीं कर जोडून विज्ञापना ऐसी जे: गॅरिसन मोटार कारखान्याची दौलत कैसी उभी राहिली, तिचा लौकिक कैसा चढला आणि कैसा उतरला, आणि अखेरीस कॅसिमिर व्होइतास यांणी भर बाजारात, बर्फात, तो लौकिक कैसा राखिला, याची हकिकत साद्यंत लिहावी म्हणोन पेठेतील थोरांनी आग्रह केला. त्यावरून जैसे पाहिले आणि रांगेत उभे राहून जैसे ऐकिले, तैसे लिहिले असे. अधिकउणे असेल ते थंडीचे माथी मारावे.

मूळपुरुष जोसाया गॅरिसन. सायकलींची पंक्चरे काढणारा, हाती भांडवल नाही, पदरी माणूस नाही, परंतु जिद्द मोठी. त्याने डेट्रॉइट शहरी एका तबेल्यात पहिली मोटार जुळविली, आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि लोकांनी टोप्या उडविल्या. मग दैव फळले. हॅमट्रॅमकचे वेशीस कारखाना उभा राहिला, ज्याची धुराडी दोन कोसांवरून दिसावी, आणि पोलंड मुलखातून, आलाबामा प्रांतातून, जेथे म्हणोन पोटास कमी तेथून माणसे आली आणि गाड्या जुळविण्याच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहिली. मोठे युद्ध जाहले तेव्हां गॅरिसनाने विमानांची इंजिने ओतली. युद्ध सरले तेव्हां ऐशा मोटारी काढल्या की डॉक्टराने, पाद्र्याने आणि चोरानेही गॅरिसनच घ्यावी, कारण पळावयाचे तर तीत पळावे.

त्या दौलतीत कॅसिमिरांचे वडील चाकरीस होते. मजुरांनी थंडीच्या दिवसांत कारखाना आतून अडविला, तेव्हां ते आत बसले, आणि मातोश्री खिडकीखाली उभ्या राहून दोरीस बांधलेल्या डब्यातून कोबीचे सार वर पाठवीत. अखेर धनी नमले आणि युनियन कायम जाहली. मग कॅसिमिर स्वतः रुजू होऊन पट्ट्याच्या डाव्या अंगास दारे बसवू लागले. उजव्या अंगास रूफस बॉयकिन, आलाबामाचे, दारे बसवीत. मध्ये गाडी, दोहीं बाजूंस हे दोघे, ऐसा सारा जन्म गेला. दोघांची दोस्ती ऐसी जमली की बोलावे लागत नसे.

पुढे दिवस फिरले. पेट्रोल महागले आणि समुद्रापलीकडून जपानी गाड्या उतरल्या, लहान, काटकसरी, मुकाट्याने चालणाऱ्या. गॅरिसनाचे धनी हसले. मग हसणे थांबवून त्यांणी पत्रा पातळ केला, आणि गंज दुसऱ्याच हिवाळ्यात खालून चढू लागला. लौकिकास ओहोटी लागली. गॅरिसन घेणाऱ्यास बुटांचा जोड फुकट मिळतो, कारण अर्धी वाट चालतच जावे लागते, ऐसी थट्टा मुलखभर पसरली. युनियनच्या जत्रेत एक जपानी गाडी मांडून, डॉलर द्यावा आणि तीवर एक घण घालावा, ऐसा खेळ जाहला, आणि कॅसिमिरांनी दोन घण घातले. परंतु घणाने काय होते? कारखान्यास टाळे पडले. गॅरिसनाची दौलत दूर दक्षिणेस गेली, आणि हॅमट्रॅमकास धुराडी तेवढी राहिली.

तरी कॅसिमिरांचे इमान ढळले नाही. त्या कारखान्यातून निघालेल्या अखेरच्या गाड्यांपैकी एक, गॅरिसन मार्शल, लांबरुंद, मरून रंगाची, त्यांणी घेतली आणि पोटच्या लेकरासारखी पोसली. आणि फर्मान काढिले की आपल्या घरापुढे गॅरिसनवाचून दुसरी मोटार उभी राहू नये.

या फर्मानाचा पहिला घाव कन्येसच बसला. कन्या डोरोटा, इस्पितळात नर्स. वडिलांचे शब्दावरून तिनेही गॅरिसन घेतली होती. ती गाडी एके हिवाळ्यात हमरस्त्यावर बंद पडली, आणि मग डोरोटाने जपानी गाडी आणिली. दर आदितवारी ती आईवडिलांकडे जेवावयास येई, परंतु गाडी पलीकडील गल्लीत लावून, बर्फ तुडवीत पायी येई. वडील त्या गाडीचे नाव काढीत नसत, कन्याही काढीत नसे. आई इरेनाबाई दोघांच्या ताटात वाढीत आणि हवेपाण्याच्या गोष्टी करीत.

ऐसे चालले असता ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाआधीचा मंगळवार आला. पोलंडकडील लोक त्या दिवशी पुंचकी खातात. पुंचकी म्हणजे मैद्याचा तळीव गोळा, पोटात मुरंबा, वर साखर, खाणाराची हनुवटी आणि कोट दोन्ही खराब करणारा. कॅसिमिरांचा शिरस्ता ऐसा की कारखाना चालू असता ते आपल्या साऱ्या पथकास पुंचकी नेत, आणि टाळे पडल्यावरही युनियनच्या हॉलात जमणाऱ्या निवृत्त मंडळीस नेत. यंदा त्यास वजन अधिक, कारण रूफस बॉयकिन दुपारच्या विमानाने ॲरिझोनास लेकाकडे कायमचे जाणार होते. गुडघे गेले, बर्फ सोसवेना. हॉलात सकाळी सर्वांस भेटून निघावे, ऐसा त्यांचा बेत.

कॅसिमिर तांबडे फुटावयाचे आधी बेकरीपुढे रांगेत उभे राहिले. थंडी ऐसी की मिशांस बर्फ धरावे. उजाडल्यावर दार उघडले, आणि खोक्यांची रसद मार्शलच्या पोटात भरली, मागे भरली, पुढील आसनावरही चढविली. मग कॅसिमिरांनी किल्ली फिरविली. मार्शल खोकली. पुन्हा फिरविली. मार्शल एकवार कण्हली आणि गप्प जाहली.

रांग त्या समयी रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती आणि रांगेतील प्रत्येकाचे तोंड मार्शलकडे. त्यांत इरेनाबाईंचे बंधू झिग्मुंट, विम्याचे दलाल, जिभेस हाड नसलेले, तेही होते. त्यांणी सर्वांस ऐकू जाईल ऐशा बेताने पुसिले:

"काय दाजी, बूट घालून आलात ना? गॅरिसनबरोबर मिळालेले?"

रांग हसली. ते हसे बाणासारखे लागले.  कॅसिमिरांनी बॉनेट उघडले, तारा चाचपल्या, एका भल्या माणसाने आपल्या बॅटरीचा जोर लावून दिला, तरी स्टार्टरच गेला म्हणोन काही चालेना. इकडे वेळ जातो, तिकडे रूफसची वेळ जवळ येते. झिग्मुंटांनी आपल्या गाडीत खोकी नेण्याची तयारी दाखविली. ती मसलत कॅसिमिरांनी मोडून काढिली की, मार्शल रस्त्यात टाकून दुसऱ्याचे गाडीतून गेलो तर उद्यापासून पेठेत तोंड कोणते दाखवू.

मग नाइलाजे त्यांणी कन्येस फोन केला. मदत मागितली नाही. ती जागी आहे काय, येवढेच पुसिले. डोरोटा रातपाळी करून नुकतीच सुटली होती. वडिलांचा आवाज ऐकून ती काय ते समजली आणि तैसीच निघाली. तिची निळी जपानी गाडी मार्शलपुढे येऊन उभी राहिली, तेव्हां हत्तीपुढे शेळी उभी राहावी ऐसे दिसले.

डोरोटा उतरली आणि म्हणाली, "बाबा, खोकी माझ्या गाडीत ठेवा. पाच मिनिटांत पोचतो आपण."

"गॅरिसनला रस्त्यात टाकून मी जाणार नाही."

"तिनं मला टाकलं होतं की रस्त्यात. बर्फात." डोरोटाचा आवाज चढला नाही. "तुम्ही आलात, तेव्हा आधी बॉनेट उघडलंत. तेल कधी बदललं होतंस, असं विचारलंत. मी गारठले होते, बाबा. ते शेवटपर्यंत विचारलं नाहीत."

रांगेत कोणी हसले नाही. झिग्मुंटही आपल्या हातमोज्यांकडे पाहू लागले.  कॅसिमिरांस तो हिवाळा नीट आठवत होता. त्या दिवशी लेक बंद पडली नाही, गाडी बंद पडली, आणि गाडीची लाज ती आपली लाज, येवढेच त्यांस सुचले होते. अखेर म्हणाले:

"दोर आहे का तुझ्याकडे?"

दोर होता. जपानी गाडीचे मागे मार्शल बांधिली, आणि कॅसिमिर आपल्या गाडीत चक्र धरून बसले, आजूबाजूस पुंचकी. स्वारी निघाली. पुढे लहानगी निळी गाडी घरघर करीत, मागे मरून रंगाची मार्शल, न बोलणारी, न धुरकटणारी. रांगेने वाट दिली. चौकात पोलिसाने इतर वाहतूक थोपवून सलाम केला, तो थट्टेचा की मानाचा हे सेवकास कळले नाही. झिग्मुंट आणि सेवक रांग सोडून पाठोपाठ पायी निघाले, कारण ऐसा तमाशा पुन्हा पाहावयास मिळणार नव्हता.

हॉलाचे फाटकाशी येऊन डोरोटाने गाडी थांबविली. फाटकावर फलक होता की परदेशी गाड्यांस आत मज्जाव. तो फलक कॅसिमिरांनीच स्वहस्ते ठोकिला होता. रूफस बॉयकिन आपली पेटी घेऊन, विमानास जावयाचा कोट घालून फाटकाशीच उभे होते. त्यांणी फलक पाहिला, निळी गाडी पाहिली, दोर पाहिला, आणि मार्शलच्या काचेतून आपला सोबती पाहिला.

"कॅस, बोर्ड तूच ठोकलायस," रूफस म्हणाले. "आता दोर कापू का?"

कॅसिमिर उतरले. मार्शलकडे पाहिले नाही, दोराची गाठही पाहिली नाही. सरळ पुढील गाडीच्या खिडकीशी गेले. डोरोटाने काच खाली केली.

"गारठलीस का?" त्यांणी पुसिले.

"नाही," ती म्हणाली. "हीटर चांगला आहे."

"बरं आहे."

मग त्यांणी फाटकाकडे वळून फर्मान काढिले, ते ऐसे की: जी गाडी गॅरिसनास हात देऊन आणिते ती पाहुणी, आणि पाहुणीस दारात ताटकळविणे पोलंडच्या आणि आलाबामाच्या, दोहींच्या रिवाजाविरुद्ध आहे. रूफस यांणी फाटक सताड उघडिले.

परंतु फाटकापुढे चढण होती आणि चढणीवर बर्फ कडक जाहले होते. निळ्या गाडीची चाके जागीच फिरू लागली. तेव्हां हॉलातून निवृत्त फौज बाहेर पडली, कोणी काठी टेकीत, कोणी पट्टा आवळीत. कोणी मार्शलास खांदा लाविला, आणि मार्शलापाशी जागा उरली नाही तेव्हां बाकीच्यांनी निळ्या गाडीस लाविला. ज्या हातांनी जत्रेत घण उचलिले, तेच हात जपानी पत्र्यावर टेकिले. झिग्मुंटही मागून लागले, आणि त्या ओढाताणीत त्यांचा एक बूट बर्फात रुतून राहिला, आणि मोजा घातलेल्या पायाने त्यांणी चढण सर केली. सेवकाने ते पाहिले. लिहिले नाही तर पाप लागेल. दोन्ही गाड्या आत आल्या. एकही खोके सांडले नाही.

मंडळी पुंचकी खाऊ लागली, हनुवट्या माखल्या. त्या गडबडीत कॅसिमिर बाहेर अंगणात निळ्या गाडीपाशी गेलेले डोरोटाने पाहिले. त्यांणी डावे दार उघडिले, लाविले, कान देऊन ऐकिले. फट कोठे कमीजास्त आहे काय, म्हणोन बोट फिरविले. रूफस मुरंब्याचे बोट चाटीत आले आणि न बोलता उजव्या अंगास गेले, आणि उजवे दार उघडून लाविले. मध्ये गाडी, दोहीं बाजूंस हे दोघे. दारे लागत होती ती हलक्या हाताने पेटी मिटावी तैसी.

"दार चांगलं बसवलंय," कॅसिमिर म्हणाले.

"उजवंही," रूफस म्हणाले. "कुणी बसवलं असेल रे?"

"असेल कुणीतरी आपल्यासारखा. त्याचीही कंबर दुखत असेलच."

मग रूफस विमानतळास निघाले. मार्शल तर हलत नव्हती, म्हणोन त्यांस निळ्या गाडीतूनच पोहोचते केले. रूफस पुढे बसले, कॅसिमिर मागे बसले, गुडघे पोटाशी घेऊन, आणि वाटेत जागा लहान आहे येवढीच तक्रार केली. विमानतळी दोघांनी हात मिळविले, ते बराच वेळ सोडिले नाहीत, आणि डोरोटाने तोवर दुसरीकडे पाहिले.

येणेप्रमाणे पुंचकी-मंगळवारची मोहीम फत्ते जाहली. गॅरिसन मार्शल युनियनच्या हॉलात मानाने दाखल जाहली, रसद सुखरूप पोहोचली, दोस्तास निरोप वेळेवर दिला गेला. हार कोणाची लिहावी, तर झिग्मुंटांचे बुटाची लिहावी. इतर कोणाची सापडत नाही.

पुढील आदितवारी बर्फ पडले. या पेठेचा रिवाज ऐसा की ज्याने रस्त्यावरील बर्फ उपसून जागा केली, त्याने तेथे घरातील खुर्ची मांडावी, आणि खुर्ची आहे तोवर ती जागा त्याची. मार्शल अजून दुरुस्तीस होती, तरी कॅसिमिरांनी फावडे घेऊन घरापुढे दोन गाड्यांपुरते बर्फ उपसिले, आणि स्वयंपाकघरातून खुर्च्याही दोन नेल्या. घरात एकच उरली, ती इरेनाबाईंस दिली. त्यांणी बाहेरील खुर्ची परत आणावी म्हणोन सुचविले, तेव्हां लेक येईतो तीस कोणी हात लावू नये ऐसा हुकूम जाहला, आणि त्या दिवशीची न्याहारी कॅसिमिर व्होइतास यांणी खिडकीशी उभ्यानेच केली.