मन्मथअप्पांचा विलायतेतला जोडा

आमच्या बोरीत अनवाणी चालणारी माणसं पुष्कळ होती, पण "जोडा हाय की, विलायतेत महालाच्या दाराशी काढून ठिवलाय" असं सांगणारे एकटे मन्मथअप्पाच. आणि त्यांना खोटं ठरवायची सोय नव्हती, कारण अप्पा खरोखरच विलायतेला जाऊन आले होते.

देशमुखांचा धाकटा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला तेव्हा त्याच्या पोटाच्या काळजीनं आईसाहेबांनी अप्पांना स्वयंपाकाला बरोबर धाडलं. चार वर्षं अप्पांनी त्या थंडीत पोळ्या लाटल्या. परतीच्या वाटेवर धाकट्या मालकांना आणखी एक देश बघायची हौस आली. तिथल्या एका जुन्या शहरात, नदीकाठच्या टेकडीवर, राजाचा महाल होता आणि राजानं तो म्हणे पोरांना शिकायला देऊन टाकला होता. शहराचं नाव अप्पांच्या जिभेला कधी वळलं नाही. पण तिथल्या घंटेला पोरं शेळी म्हणतात, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आमच्या शाळेच्या घंटेलाही गाव शेळीच म्हणू लागलं.

त्या महालाच्या दाराशी अप्पांनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे जोडा काढला. विद्येचं घर, त्यात राजाचं. जोड्यानं आत कोण जाईल? गार फरशीवरून फिरत त्यांनी राजांच्या तसबिरी पाहिल्या, छताला टेकलेली पुस्तकं पाहिली आणि प्रत्येक कपाटाला नमस्कार केला. तेवढ्यात रेल्वेची वेळ झाली म्हणून दोघं दुसऱ्याच दारानं, मागच्या पायऱ्यांवरून पळत उतरले. पायांत काही नाही हे अप्पांच्या ध्यानात आलं ते गाडी हलल्यावर. मालकांनी पुढच्या शहरात बूट घेऊन दिले. ते अप्पांनी बोरीपर्यंत हातात धरून आणले आणि वेशीवरच्या जागल्याला देऊन टाकले.

तेव्हापासून अप्पा अनवाणी आणि आमची शाळाही अनवाणी. शाळा भरायच्या वेळी ते दारात उभेच असत. एकदा तपासणीला साहेब आले, चकचकीत बूट घालून. अप्पा आडवे आले. मी विलायतेत काढला, तुम्हाला बोरीत काढायला काय होतं, असं त्यांनी साहेबांना अदबीनं विचारलं. साहेबांनी निमूटपणे बूट काढले. मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. वर्गाची नजर काही त्या अंगठ्यावरून हलेना. त्या वर्षी शेरा उत्तम मिळाला, कारण साहेबांना लवकर बाहेर पडायचं होतं.

मी त्या शाळेचा मास्तर, म्हणून दर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी अप्पा माझ्याकडून पत्र लिहून घेत. महालाच्या दारवानास नमस्कार. जोडा उन्हात ठेवू नये. आठ दिवसांनी करडीचं तेल द्यावं. मी गालातल्या गालात हसत लिहायचो आणि अप्पा गेले की पत्र माझ्या ट्रंकेत टाकायचो. पत्ता कुणाला ठाऊक होता?

एका वर्षी बाभळीचा काटा त्यांच्या टाचेत मोडला. पाय सुजून खांबासारखा झाला. वैद्यांनी बजावलं, पुन्हा अनवाणी फिरलात तर पाय गमवाल. अप्पा ऐकेनात. मग मात्र माझा तोल सुटला. एका फाटक्या जोड्यापायी पाय घालवणार का, हा कसला हट्ट, असं नको ते बोलून गेलो.

अप्पा टाचेवरची पट्टी सारखी करत राहिले.

"निघताना कारभारणीनं तेल दिलं होतं त्याला, गुरुजी. म्हणली, ह्योच जोडा घालून माघारी या. मी आलो तवा ती न्हवती. जाऊन सहा महिने झाले होते. जोडा बी न्हवता. मंग मी माघारी आलो कुठं?"

मला फार लाज वाटली. दोन दिवस घास गोड लागला नाही.

त्यांचा मूळ जोडा शिवणारा चांभार गावातच होता. त्याच्याकडून मी तसाच जोडा शिवून घेतला. तेल चोळून, मातीत लोळवून जुना केला, गोणपाटात बांधून वर लाख लावली आणि टपालानं आला म्हणून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. अप्पांनी आत हात घालून तो बराच वेळ चाचपला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पायांत घातला आणि गुरुजींच्या पत्रानं जोडा आला, असं गावभर सांगत फिरले.

चौथ्या दिवशी ते विहिरीवर पाय धूत होते. दोन्ही पायांना फोड आले होते. चार वर्षं वापरलेला जोडा कधी चावत नाही. मला पाहताच त्यांनी पाय पुसले आणि जोडा पुन्हा चढवला.

पुढची शिवरात्र आली. आदल्या दिवशी अप्पा घरी आले, जोडा दाराशी काढला, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लिहा."

"अप्पा, जोडा तर आला ना?"

"आला की. ह्यानं पाय राखला माझा, तुमचे लय उपकार हायेत. पर तिकडला त्यो जोडा बी वाट बघत असंल, गुरुजी. तेलाचं लिहा."

मी लिहिलं. या वेळी हसू आलं नाही. धाकट्या मालकांना विचारून महालाचा पत्ता मागवला, ट्रंकेतली सगळी पत्रं काढली आणि नव्या पत्रासोबत टपालात टाकली. तिथं मराठी कोण वाचणार, हे मलाही कळत होतं. तरी तेलाच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.