मोव्हॅट हाउसचा फिरता पलंग

जमैका बेटावर नाव घेण्यासारखे गुप्तहेर दोनच. एक मी, एगबर्ट टलक. दुसऱ्याचं नाव अजून कोणालाच कळलेलं नाही, इतका तो गुप्त आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि डोकं, बायकोच्या मते, भाड्याने द्यायचं आहे. पोटापाण्यासाठी मी छत्र्या दुरुस्त करतो, पण ते केवळ लोकांना संशय येऊ नये म्हणून.

मोव्हॅट हाउसच्या व्यवस्थापिका मिस वर्ना यांनी मला बोलावलं. उसाच्या मळ्यातली ही जुनी हवेली भुतासाठी प्रसिद्ध आहे. मळ्याची मालकीण अराबेला मोव्हॅट मरून दोन शतकं झाली, तरी बाई सपाता फटफटवत माडीवर फिरते म्हणतात. तिच्या जिवावर पर्यटक येतात आणि हवेलीचं छप्पर शाकारलं जातं.

"पण अराबेलाबाई सामानाला कधी हात लावत नाहीत," मिस वर्ना म्हणाल्या. "आता माडीवरचा पलंग बघा. संध्याकाळी कुलूप लावताना उशी खिडकीकडे, सकाळी दाराकडे. रात्री आत फक्त पहारेकरी बार्नबी. शुक्रवारपर्यंत छडा लागला नाही, तर मी त्याला काढणार."

म्हातारा बार्नबी हातात टोपी घेऊन उभा होता.

"नोकरी गेली तर काय करशील?" मी विचारलं.

"घरी बसेन. घरी कोणी नाही."

मी तडक माडीवर गेलो आणि तडक आडवा झालो. नारळाच्या शेंडीने घासून घासून तिथली लाकडी जमीन आरशासारखी झाली होती. मला मात्र कोणीतरी ढकललं हे स्पष्ट होतं. उठून मी पहिला निष्कर्ष काढला: पलंग हलतो, म्हणजे तो आधी स्थिर असला पाहिजे. मिस वर्नांनी मान डोलावली. दुसरा निष्कर्ष असा की भूकंप होत असून तो फक्त या खोलीपुरता आहे. तिसरा, अराबेलाबाईंना खिडकीचं वारं बाधतं.

"मेल्यावर?" मिस वर्नांनी विचारलं.

"सर्दीचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

एवढ्यात माझी बायको इसिल्डा तळलेल्या माशांचा डबा घेऊन आली. पलंगाकडे पाहून तिने विचारलं, "इथं अलीकडे कोण गेलं?"

"मेविस," मिस वर्ना म्हणाल्या. "बार्नबीची बायको. ही खोली तीच झाडायची. इथंच काम करता करता गेली."

"मग तिला निरोप द्यायला मरणानंतरची नववी रात्र जागवल्यावर पलंग फिरवला कोणी?"

खालच्या स्वयंपाकघरातून स्वयंपाकीण मिस इनेझला बोलावलं. "मी फिरवला," ती म्हणाली. "खोली ओळखू आली की मेलेल्याचा डपी, त्याचं भूत, जागा सोडत नाही. हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. रोज निघताना फिरवते, सकाळी बघावं तर परत होता तिथं. म्हटलं, मेविस जिवंतपणी हट्टी होती, तशीच आहे."

"मला का नाही सांगितलंस?" मिस वर्नांनी विचारलं.

"नवव्या रात्रीचं भजन इथं नको, पर्यटक काय म्हणतील, असं तुम्हीच म्हणालात. पलंगाचं काय सांगू?"

मी चौथा निष्कर्ष काढणार, तोच बार्नबी बोलला.

"परत मी फिरवायचो. आली आणि खोली ओळखू आली नाही, तर बिचारी कुठं जाईल?"

मी रुमाल काढून नाक पुसलं. सर्दीचं खरंच काही सांगता येत नाही.

"पहाऱ्यावर तूच राहायचंस, बार्नबी," मिस वर्ना म्हणाल्या.

इनेझ त्याच्याजवळ गेली. "अरे, ती दमली असेल. जाऊ दे तिला."

बार्नबीने टोपी खिशात कोंबली आणि पलंगाचं एक टोक धरलं. दुसरं इनेझने धरलं. मीही पुढे झालो.

"तू लांब राहा," इसिल्डा म्हणाली. "फक्त दार उघडं धर."

पलंग फिरला. बार्नबी रिकाम्या खोलीला म्हणाला, "निघ आता, मेविस. मी येतोच मागून, घाई नको करूस." मी दार उघडं धरून, जरा बाजूला सरून उभा राहिलो.