कुंकू लागलेली घरघंटी

सयाजीरावांनी आयुष्यात सांगितल्या भावाला एकही वस्तू घेतली नव्हती. भाजीवाली असो की सोनार, पद्धत एकच. भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं, निम्मी किंमत सांगायची आणि चपला घालून सरळ चालू लागायचं. दुकानदार मागनं हाक मारतोच, न मारून सांगतोय कुणाला? राजारामपुरीच्या अख्ख्या गल्लीत या बाबतीत त्यांचं नाव होतं. दूध संघातल्या सुपरवायझरकीपेक्षा त्यांना या नावाचाच अभिमान जास्त.

त्यामुळं वर्षाराणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरी दळायला घरघंटी पाहिजे म्हटल्यावर गडी खुशीत आला. पण ती पुढं म्हणाली, "आपल्या धैर्याच्या दुकानातनं आणूया की."

धैर्यशील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शाहूपुरीत त्याचं मिक्सर, शेगड्या आणि घरघंट्यांचं दुकान. आता मेहुण्याशी घासाघीस करायची कशी? केली तर जावई चिकट, न केली तर जावई खुळा. दोन्हीकडनं मरण.

"धैर्या सोळा हजार सांगणार," सयाजीराव म्हणाले. "मी मोबाईलवरनं चौदात आणून दाखवतो."

"चौदात? खरंच?"

"मग! खोटं बोलतोय व्हय मी?"

वर्षाराणीनं तिथल्या तिथं माहेरी फोन लावला. चौदाची बातमी सासूबाईंना कळली, सासूबाईंकडनं धैर्यशीलला कळली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत झाली. आता माघार घेणं म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं.

मोबाईलवर भाव होता साडेसतरा, आणि कूपन लावल्यावर खरोखरच चौदा दिसायला लागले. दुसऱ्या कुणीही बटण दाबून मोकळा झाला असता. सयाजीराव मात्र गालात हसले. पहिल्याच शब्दाला चौदा म्हणतोय, म्हणजे हा बारापर्यंत उतरतोय! त्यांनी मोबाईल बंद केला, खिशात टाकला आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल टिणटिणला. 'तुमची आवडती वस्तू तुमची वाट पाहते आहे.'

"बघ, मारली का न्हाई हाक?" त्यांनी बायकोला दाखवलं.

"मग घ्या की आता."

"खुळी का काय तू! एका हाकेला वळायचं नसतंय."

संध्याकाळी पुन्हा टिणटिण. 'घाई करा, संधी निसटेल.' घायकुतीला आलाय गडी, असं म्हणून सयाजीरावांनी त्याला आणखी एक रात्र ताणला. सकाळी तरी भाव उतरेना, तेव्हा मोठ्या मनानं चौदालाच होकार द्यायचं ठरवलं आणि ऑफिसला निघण्याच्या गडबडीत, चष्मा न लावता, बटण दाबलं. कूपनची मुदत रात्रीच संपली होती. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं, आणि ते कळलं केव्हा, तर बँकेचा मेसेज दोन दिवसांनी सवडीनं वाचला तेव्हा. साडेसतरा! धैर्यशीलपेक्षाही दीड हजार जास्त!

मशीन बिघडकं निघालं असं घरी सांगायचं, परत पाठवायचं आणि नवीन कूपन हुडकायचं, असा बेत करून ते घाईघाईनं घरी आले. बघतात तर घरघंटी दुपारीच येऊन पडलेली. पांढऱ्याशुभ्र अंगावर हळदीकुंकवाची बोटं, झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, पायाशी फोडलेला नारळ, आणि भोवती गल्लीतल्या बायका पेढे खात बसलेल्या.

"आवं, तुमचीच वाट बघत होतो," वर्षाराणी म्हणाली. "ह्या सगळ्या विचारायल्यात, चौदात कशी आणली?"

"आणली... ओळखीवर," सयाजीराव म्हणाले आणि तोंडात आख्खा पेढा कोंबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध संघाच्या गच्चीवर जाऊन कंपनीला फोन लावला.

"नमस्कार, मी अवनी बोलतेय. काय मदत करू शकते?"

"हे बघा बाई, तुमच्यात भाव चौदा ठरला आणि घेतलं साडेसतरा. ही कसली रीत?"

"सर, तुम्ही खरेदी केली तेव्हा कूपनची मुदत संपली होती."

"मुदत? अवं, मी दुकानातनं जरा बाहेर पडलो तर तुम्हीच हाका मारत होतासा! दोनदा मारली हाक. गिऱ्हाईकाला हाक मारून भाव चढवायचा म्हणजे काय?"

"सर, ते नोटिफिकेशन असतं. वस्तू नको असेल तर परत करता येईल. परतीचे दीड हजार कापले जातील."

"परत करायला पैसे! बरं, तुमचं न्हाई, माझं न्हाई, मधलं सांगा. सातशे."

"सर, इथं भाव करता येत नाही."

"आठशे. ह्याच्यावर एक रुपाया न्हाई."

अवनीनं बिचारीनं फोटो मागितले. वर्षाराणी माहेरी गेलेली बघून सयाजीरावांनी ओलं फडकं घेतलं आणि स्वस्तिक पुसायला लागले. कुंकू हळदीत मिसळलं आणि झाकण भगवं झालं. मग घासणी घेतली, तर रंगच निघायला लागला. शेवटी घरघंटी भिंतीकडं तोंड करून उभी केली आणि मागनं फोटो काढून पाठवला. मागच्या बाजूलाही वर्षाराणीनं पाच बोटं ओढलेली होती, ती फोटोत दिसली.

"सर, मशीनवर लाल डाग आहेत," अवनी म्हणाली. "म्हणजे वापरलेलं आहे. आणखी पैसे कापले जातील."

"डाग? अवं बाई, कुंकू हाय ते! तुमच्या घरात नवीन गाडी आणल्यावर काय करता?"

"पूजाच करतो, सर."

"मग लगेच ती गाडी वापरलेली होते व्हय?"

"नाही सर. पण आम्ही ती परत देत नाही."

सयाजीरावांना फोन ठेवावा असं वाटलं, पण धैर्यशीलचं खिदळणारं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि ते पुन्हा इरेला पेटले. त्यांनी एवढा वाद घातला, की शेवटी अवनीनं तक्रार विक्रेत्याकडं पाठवली. विक्रेत्याचा माणूस रविवारी दुपारी घरी येऊन कुंकवाची तपासणी करेल, असं ठरलं. रविवारी वर्षाराणीची भिशी असते, त्यामुळं घर मोकळं.

रविवारी वर्षाराणी भिशीला गेली आणि दोनेक तासांनी दारावरची बेल वाजली. सयाजीरावांनी लगबगीनं दार उघडलं. दारात धैर्यशील.

"दाजी, हाईसा का घरात?"

"आक्का घरात न्हाई तुझी," सयाजीराव दार अडवून उभे राहिले. "नंतर ये."

"आक्काकडं न्हाई, तुमच्याकडंच आलोय."

"आज सवड न्हाई बाबा. कंपनीचा माणूस येणाराय."

"आलाय की."

"कुठाय?" सयाजीरावांनी त्याच्या खांद्यावरनं जिन्यात डोकावून पाहिलं.

"हा काय, तुमच्यासमोर उभा हाय."

सयाजीराव खुर्चीत बसलेच. धैर्यशीलनं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. "लोक दुकानात येतात, भाव विचारतात आणि मोबाईलवरनं मागवतात. म्हणून मीबी दुसऱ्या नावानं मोबाईलवर दुकान टाकलंय. पाठवायचं काम पोरं बघतात. तुमची तक्रार आली तेव्हा नाव वाचलं, दाजी, आणि घामच फुटला."

"म्हणजे तूच मला साडेसतराला घातलीस?"

"कंपनीचं कमिशन असतंय त्यात. दुकानात आला असतासा तर पंधरालाच दिली असती की तुम्हाला!"

हे मात्र सयाजीरावांच्या जिव्हारी लागलं. पण आता कुणी कुणाला हसायचं? सख्ख्या बहिणीच्या घरी जास्त भावानं मशीन घातलं हे आक्काला कळलं, तर धैर्यशीलची धडगत नव्हती. वर ही तक्रार तशीच राहिली तर त्याचं मोबाईलवरचं दुकान बंद पडणार होतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनाही एकमेकांची दया आली.

"वरचे साडेतीन हजार हे घ्या रोख," धैर्यशीलनं पाकीट काढलं. "परत न्यायची भानगडच नको. तक्रार तेवढी मागं घ्या. आणि आक्काला चौदाच सांगायचं."

"चौदाच," सयाजीराव म्हणाले. जिवावरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. एवढा चांगला मेहुणा आपण उगीच टाळत होतो, असंही वाटलं.

तेवढ्यात वर्षाराणी आली. भावाला बघून तिचा चेहरा फुलला.

"धैर्या, बघितलीस ह्यांची घरघंटी? चौदात! आणि तू सोळा सांगतोस लोकांना. शिक जरा दाजींकडनं."

"शिकायलोय की, आक्का," धैर्यशील खाली मान घालून म्हणाला.

सयाजीरावांची छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण ताणलं. वर्षाराणीनं पर्स उघडली आणि नोटांचं भलंमोठं पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"भिशीतल्या बायकांचं. सगळ्यांना घरघंटी पाहिजे, चौदा चौदा हजार जमा करून दिलंय. आईलाबी एक पाहिजे, तिचेबी आहेत त्यात. मी शब्द दिलाय, आमचे मालक एका दिवसात मागवून देतील." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सगळ्या म्हणत होत्या, वर्षा, नशीब काढलंस बाई. मला लई बरं वाटलं हो." आणि ती चहा टाकायला आत गेली.

सयाजीरावांनी पुडक्याकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराकडं पाहिलं. आतनं वर्षाराणीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायको आपल्यावर एवढी खूश झालेली त्यांनी पाहिली नव्हती. आता तिला खरं सांगायचं म्हणजे भरल्या ताटात माती कालवायची.

"दाजी," धैर्यशील हळूच म्हणाला, "चौदात मला काय उरत न्हाई हो. उलट खिशातनं जातंय. देवाशप्पथ."

सयाजीरावांनी हातातले साडेतीन हजार मोजले, एक सुस्कारा सोडला आणि ते मेहुण्याच्या हातात परत ठेवले.

"हे धर. ह्यात भागव."

"एवढ्यात कसं भागंल, दाजी?"

सयाजीरावांनी खुर्ची पुढं ओढली, आवाज खाली आणला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"भागतंय की. एवढ्या घरघंट्या एकदम घेणारं गिऱ्हाईक हाय मी. आता मला घाऊक भाव सांग."