ठेंगणा ओटा

केळशीकर ओव्हरसियर जमिनीवर फक्कीने घर आखत आणि त्या घरात सगळ्यांना दारानेच शिरायला लावत. भिंत म्हणजे नुसती पांढरी रेघ, पण ती कुणी ओलांडली की ओरडत, "अहो, भिंतीतून काय येताय! माणसासारखे दारातून या!" एकदा खुद्द मोठे साहेब भिंतीतून आले. केळशीकरांनी त्यांनाही मागे फिरवलं, वर चपला बाहेर काढायला सांगितल्या.

आमच्या पिंपरीच्या कारखान्यामागे बाभळी, भंगार आणि गंजलेली पिंपं यांचं राज्य होतं. तिथे कामगारांच्या कुटुंबांसाठी घरं बांधायचं ठरलं आणि केळशीकरांच्या अंगात आलं. मी स्टोअरकीपर, फक्कीची पोती माझ्याकडे. त्यामुळे प्रत्येक घरात मला आमंत्रण. "बसा, ही बाहेरची खोली," असं म्हणून ते मला भर उन्हात मातीत बसवत.

उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा हे त्यांचं नवं खूळ. ओट्यावर खिडकी हवीच. "बाईमाणसानं जन्मभर धूर गिळायचा आणि भिंत बघायची का हो?"

कोपऱ्यातल्या घराचा ओटा मात्र त्यांनी गवंड्याकडून बराच खाली धरून घेतला. मी हसून कारण विचारलं.

"ती ठेंगणी आहे," ते म्हणाले.

खानावळीत एकटा जेवणारा हा गृहस्थ, याला बायको आहे हे मला तेव्हा कळलं. पुण्यातल्या अंधाऱ्या खोलीत धुराला कंटाळून ती कोकणात माहेरी गेली होती. घर झालं की तिला आणायचं, हा यांचा बेत.

घर झालं. केळशीकर नवा कोट घालून कोकणात गेले आणि एकटेच परत आले.

"म्हणाली, आता इथलीच सवय झाली," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

घरं फक्त कुटुंबवाल्यांना. कोपऱ्यातलं घर चाकणकडच्या हौसाबाईंना मिळालं. आठवड्यातच त्यांची तक्रार आली, "ओटा लई ठेंगणा हाय, भाऊ. वाकून कंबर धरती."

केळशीकरांनी मला सोबत नेलं. गवंडी न बोलावता, स्वतः थापी धरून ओटा उंच केला. सिमेंट सुकल्यावर आम्ही पुन्हा गेलो. हौसाबाईंनी ओट्यावरच्या शेगडीवर चहा टाकला.

"उंची बरी आहे ना?"

"व्हय, आता बेस."

"धूर?"

"न्हाई बा. समदा खिडकीतनं जातोय."

"मग झालं," केळशीकर म्हणाले आणि कप हातात धरून ओट्यापाशीच उभे राहिले. चहा निवून गेला, तरी त्यांना 'चला' म्हणायला माझी जीभ रेटेना.