हिकडं समदं बरं हाय

उत्तमराव मास्तरांनी दौत उघडली, 'चिरंजीव हरिचंद यास अनेक आशीर्वाद' एवढं नेहमीचं लिहिलं आणि ते थांबले. समोर भिकाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. पहाटेपासून पाणी, शेण, जळण उरकून ती आली होती आणि बसल्याबसल्या तिचे डोळे मिटत होते.

"सांगा भिकाबाई."

"काय सांगू मास्तर? थकले म्हनून लिव्हा."

"ते मागच्या महिन्यात लिहिलं होतं."

"मंग आजून थकलेलीच हाय म्हनून लिव्हा."

हरिचंद तिचा धाकटा मुलगा. मिशनच्या शाळेत शिकून तो उपदेशक झाला आणि मिशनने त्याला आसामच्या चहामळ्यांत धाडलं. गोरेगावात ख्रिस्ती घरं सात-आठ. त्यांतलं एक पोरगं आगगाडीने आठ दिवसांच्या वाटेवर धर्म सांगायला गेलं, याचं गावाला कौतुक होतं. भिकाबाईलाही होतं; पण सहा वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. म्हणून ती दर महिन्याला मास्तरांकडून पत्र लिहून घेई. घरात बोलता येत नाही ते सगळं त्यात सांगे, आणि शेवटी विचारी, 'तू कवा येतोस?'

तिची वऱ्हाडी वळणाची रोखठोक बोली मास्तर शुद्ध मराठीत उतरवत. 'सुनंची भाकर येका अंगाला जळती आन् येका अंगाला कच्ची ऱ्हाती' असं ती सांगे. मास्तर लिहीत, 'सौ. मनकर्णेच्या हातची भाकरी कोणत्या बाजूने करपली व कोणत्या बाजूने कच्ची राहिली, हे उजेडात नेऊन पाहावे लागते.' लिहून झालं की ते स्वतःच खूश होत.

हरिचंदचं उत्तर प्रत्येक वेळी येई. 'तुम्हा सर्वांसाठी रोज प्रार्थना करतो. प्रभूची इच्छा असेल तेव्हा भेट होईल.'

"प्रभूला इचारलं का पन त्यानं?" भिकाबाई म्हणे.

हरिचंदने तसं विचारलं नव्हतं. दुसरंच एक काम मात्र त्याने मोठ्या भक्तिभावाने केलं होतं. आईची सोशिकता जगाला कळावी म्हणून त्याने तिची पत्रं मिशनच्या मासिकाकडे पाठवून दिली होती.

महिन्यातून एका रविवारी हिंगोलीचे पाद्रीसाहेब बैलगाडीने गोरेगावला येत. भिकाबाईच्या थोरल्या मुलाच्या, संतरामच्या अंगणात उपासना होई. त्या रविवारी गाणी झाली, वचनं झाली, आणि पाद्रीसाहेबांनी पिशवीतून मासिक काढलं.

"आज मोठ्या आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "आपल्या भिकाबाई छापून आल्या आहेत. 'एका मातेची पत्रे'. मीही अजून वाचलेली नाहीत. सर्वांनी मिळूनच ऐकू."

सगळ्यांच्या माना भिकाबाईकडे वळल्या. पुसेगावला दिलेली तिची मुलगी शकुबाई नवऱ्यासह आली होती. तिने अभिमानाने पदर सावरला. भिकाबाई मात्र हळूच मागे सरकली.

पाद्रीसाहेबांचा आवाज चांगला खणखणीत होता. भाकरीचं आधी आलं. मनकर्णेने उजेडात हे ऐकून घेतलं आणि ती हळूच सासूकडे वळून बसली. मग संतराम आला. 'थोरले चिरंजीव कष्टाळू आहेत. परंतु काम सुरू करण्यापूर्वी त्याविषयी इतका विचार करतात की ऊन डोक्यावर येते.' मग शकुबाई. 'कन्या दर पंधरवड्यास येते. रिकाम्या हाताने येते याचे दुःख नाही; जाताना मात्र ते हात रिकामे नसतात.' शेवटी जावई दगडोबा. 'जावई सज्जन आहेत. ते मुक्कामास असले म्हणजे त्यांच्या घोरण्याने बैल दावी तोडतात.'

मधेच थांबावं की काय, असं पाद्रीसाहेबांना वाटलं; पण एकदा सुरू केलेलं देवाच्या कामातलं वाचन अर्धवट कसं सोडायचं? त्यांनी ते शेवटपर्यंत नेलं. मग ते घसा साफ करत म्हणाले, "आपले बंधू हरिचंद यांची विनंती आहे, या कुटुंबातील प्रत्येकासाठी नावानिशी प्रार्थना करावी."

आणि प्रत्येकासाठी नावानिशी प्रार्थना झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मनकर्णेने सासूसमोर भाकरी वाढली आणि शेजारी पेटवलेला कंदील आणून ठेवला.

"ह्यो काहून?" भिकाबाईने विचारलं.

"उजेडात बघून खा आत्याबाई."

संतराम कुणाशी न बोलता तांबडं फुटायच्या आत शेतावर जाऊ लागला आणि तिथे जाऊन विचार करत बसू लागला. शकुबाई तर रविवारीच, प्रार्थना संपताच, नवऱ्याला घेऊन पुसेगावला निघून गेली. जाताना दोन्ही हात वर करून सगळ्या गल्लीला दाखवत गेली.

हे घरातल्या घरात मिटलं असतं. पण मासिक गावोगाव जात होतं. पंधरा दिवसांत भिकाबाईच्या नावाने टपाल यायला लागलं. सोलापूरकडच्या एका बाईने भाकरीला पाणी किती गरम हवं ते चार पानांत कळवलं होतं. दुसऱ्या एकीने घोरण्यावर वेखंडाची पूड पाठवली होती. कुणी एक म्हातारे गृहस्थ संतरामसाठी तीन दिवस उपवास करणार होते. भिकाबाईला वाचता येत नसल्यामुळे हे सगळं मास्तरांच्या ओसरीवर मोठ्याने वाचलं जाई, आणि ऐकायला माणसं आधीपासून येऊन बसत.

"माय, माझ्यासाठी कोन उपाशी बसून राहिलं तिकडं?" संतराम रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला इथं घास गिळंना झालाय."

पुढच्या महिन्यात भिकाबाई पत्र सांगायला गेली, तर मास्तरांच्या ओसरीवर मनकर्णा तिच्या आधी हजर होती.

"तुमी सांगा आत्याबाई. मी नुस्ती ऐकते."

मागोमाग संतराम आला. पुसेगावहून शकुबाई आणि दगडोबा आले. भिंतीपलीकडून शेजारीण रहिमाबीही आली.

"मास्तर, आधी ह्ये लिव्हा," दगडोबा म्हणाला, "की आमी घोरत न्हाई. कुनी ऐकलं?"

"समद्यांनी," मनकर्णा म्हणाली.

"तू गप वहिनी! तुझ्या भाकरीचं आसामात समजलं, आता माझं काहून उकरून राहिली?"

"मी काल सूर्य उगवायच्या आत वावरात होतो, ह्ये लिव्हा," संतराम म्हणाला.

"अन् मी नेते ती डाळ पाखडून, निवडून ठेवते कोन? मीच ना?" शकुबाई म्हणाली. "ह्ये लिव्हा."

मास्तर लिहीत होते. बोटं शाईने निळी झाली होती. एवढ्यात रहिमाबी पुढे सरकली. तिचे डोळे भरून आले होते.

"भिकाबाई, बारा सालं झाली, शेजारी हाय मी तुझ्या. समद्यांची नावं छापली. माझं एकदाबी न्हाई? मी काईच तकलीफ दिली न्हाई का गं तुला?"

"दिली गं माय, लई दिली," भिकाबाई तिची समजूत घालत म्हणाली. "ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"मंग आता लिव्हा," रहिमाबी मास्तरांना म्हणाली.

अकरा पानं झाली. मास्तरांनी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बोटभर जागा शोधली आणि विचारलं, "आणि तुमचं काय लिहू, भिकाबाई?"

भिकाबाईने त्या जागेकडे पाहिलं. 'तू कवा येतोस' एवढंही तिथे मावलं नसतं.

"काई नगं," ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

पुढच्या खेपेला ती माणसं रानात गेलेली बघून एकटीच आली.

"लिव्हा मास्तर. हिकडं समदं बरं हाय. तू काळजी करू नको."

मास्तर टाक धरून वाट पाहत राहिले. "पुढं?"

"पुढं काई न्हाई. ह्यात कुनाचं काई निघत न्हाई."

"अहो, पण एवढा कागद..."

"कोरा ऱ्हाऊ द्या. त्यालाबी इसावा."

पत्र गेलं. घर हळूहळू थंडावलं. मनकर्णेने कंदील पुन्हा खुंटीला टांगला.

चोविसाव्या दिवशी सकाळी भिकाबाई विहिरीवरून दोन घागरी घेऊन येत होती. दारात हिंगोलीची बैलगाडी उभी होती. गाडीतून एक वाळलेला, दाढी वाढलेला माणूस उतरला, तिच्याकडे पाहून थबकला आणि चाकाला धरून खालीच बसला.

"माय... तू हायेस?"

डोक्यावरच्या घागरी कशा उतरल्या, हे भिकाबाईला नंतर आठवेना. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. "हरी, लेकरा, काय झालं रं? कोन गेलं?"

"मला वाटलं तूच गेलीस." तो लहान मुलासारखा रडत होता. "सहा वर्षं झाली माय, तू कवाच 'समदं बरं हाय' म्हनून लिव्हलं न्हाई. मी पत्र वाचलं अन् कोरा कागद पुन्हा पुन्हा उलटून बघितला. वाटलं, तू गेलीस, अन् मला कळू नये म्हनून दुसऱ्यानंच मास्तरांकडून लिव्हून घेतलं. तसाच तिकडच्या मिशनच्या साहेबाकडं गेलो, तशीच गाडी धरली."

संतरामने त्याला उठवलं. मनकर्णा आणि संतराम दोघांनी खाली पडलेल्या घागरी उचलल्या आणि त्या पुन्हा भरायला आपणहून दोघंच गेले.

दुपारी उत्तमराव मास्तर कागद घेऊन आले. आसामच्या साहेबाने रजा देताना अट घातली होती, की पोचल्याबरोबर आईची प्रकृती कळवावी. बरी असेल तर हरिचंदने पुढच्या गाडीने परत निघावं.

"काय लिहू?" मास्तरांनी विचारलं.

भिकाबाई अंगणात जळण रचत होती. हातातली फाटी न ठेवताच ती म्हणाली, "लिव्हा, माय लई आजारी हाय. दोन महिने तरी उठत न्हाई."

"माय!" हरिचंद दचकला. "असं खोटं कसं लिव्हायचं? मी उपदेशक हाय."

"तू नको लिव्हू. मास्तर लिव्हून राहिले."

हरिचंदने आईकडे नीट पाहिलं. तिच्या पायांच्या भेगा, पाठीचा बाक, पापण्यांवर साचलेली झोप. सहा वर्षं हेच तर ती मास्तरांना सांगत होती. त्याने ते वाचलं होतं, छापायलाही दिलं होतं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "'आईची प्रकृती फार थकली आहे. तिला अंथरुणावर पडून राहण्याची गरज आहे. दोन महिने मला इथेच राहावं लागेल.' एवढं लिव्हा. ह्ये खरं हाय."

मास्तरांनी लिहिलं आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. भिकाबाईने ते नीट ऐकून घेतलं. हातातली फाटी खाली टाकली, लुगडं झटकलं, आणि मुलाचं लिहिणं खोटं ठरू नये म्हणून ती भर दुपारी ओसरीवरच्या बाजेवर जाऊन आडवी झाली.

कुणीही तिला उठवलं नाही.