चिंगीची मूठ

मी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! घरात याला कोणी किंमत देत नाही ती गोष्ट वेगळी. तर ठरवलं, छातीवरचे केस काढायचे. आणि तेही लेझरने!

आमच्या घराण्यात पुरुषांना डोक्यावर हात आखडून आणि बाकी सगळीकडे सढळ हाताने केस मिळालेत. वडिलांचं तेच, धाकट्या भावाचं तेच. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण ऑफिसात सगळ्यांची तब्येत तपासली आणि ईसीजीच्या वायरी काही केल्या माझ्या छातीला चिकटेनात! एक चिकटवली की दुसरी सुटायची. शेवटी तपासणीवाल्याने रेझर काढला आणि छातीवर जागोजागी चौकोन पाडले. पडद्यापलीकडे रांगेत आमचे हेडक्लार्क उभे होते आणि पडदा तोकडा होता. चहाच्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'बुद्धिबळ' पडलं.

बायकोला न सांगता मी लेझरवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी आधी उरलेली छाती रेझरने साफ केली, मग माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

"दुखेल थोडं. रबरबँड बसल्यासारखं वाटेल."

"अहो, मला काही होत नाही!"

पहिला फटका बसला आणि मी आईला हाक मारली. दुसऱ्याला वडिलांना. तिसऱ्याला आजीला.

"सर, अजून कोण कोण आहे घरी?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आपली अजून डावी बाजू राहिलीय."

कानांवरच्या झुपक्यांचा विषय त्यांनीच काढला. ते पुढच्या वेळी करू म्हणाल्या. माझे नातेवाईकही संपले होते, मी लगेच हो म्हटलं.

घरी येऊन ऐटीत शर्ट काढला. बायको बघतच राहिली, मग पोट धरून हसायला लागली.

"अगं बाई! सोललेला बटाटा दिसतोयस!"

"गुळगुळीत म्हण!"

"बरं, गुळगुळीत बटाटा." आणि एकदम तिचं हसू थांबलं. "अरे, पण चिंगीचं काय?"

मी घाईघाईने बनियन चढवलं. चिंगी म्हणजे आमची लेक, नुकती बोलायला लागलेली. झोपायचं म्हटलं की ती माझ्या छातीवर चढते, बनियनमध्ये हात घालते, मूठभर केस पकडते आणि गपकन झोपते. तान्ही असल्यापासून हेच. मी केसांचा हरतऱ्हेने विचार केला होता. ते कोणाच्या तरी उपयोगाचे आहेत, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

तेवढ्यात डोळे चोळत चिंगी आलीच. दुपारची झोप झाली नव्हती. मी आडवा झालो, ती छातीवर चढली. कातडीची नुसती आग होत होती, पण मी दात आवळून पडून राहिलो. हात आत गेला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. मग ती उठून बसली, बनियन ओढून आत डोकावली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा नाही."

"अगं, मीच बाबा!"

ती खाली उतरली, दारापाशी गेली आणि बाहेर तोंड करून ओरडली, "बाबाऽऽ!"

मला हसू आलं आणि मग ते कुठेतरी विरून गेलं. चार माणसांनी बुद्धिबळ म्हटलं म्हणून मी पेटलो होतो. आता घरातलं एवढंसं माणूस मला सोडून मलाच हाका मारत होतं आणि मला ओ देता येत नव्हती. फार वाईट वाटलं हो!

मग घरात धावपळ सुरू झाली. बायकोने माझा दाढीचा ब्रश आणला. चिंगीने तो फेकला. लोकरीचा मफलर माझ्या गळ्यात घातला. तोही फेकला! रडणं वाढत चाललं तशी बायकोने शेजारच्या गल्लीतल्या माझ्या भावाला बोलावलं. हा दात काढतच आला.

"काय रे, शेवटी मालाला गिऱ्हाईक मिळालं!" म्हणत त्याने शर्टाची बटणं सोडली.

चिंगीने त्याच्या छातीवर मूठ आवळली आणि रडणं थांबलं. डोळे मिटायला लागले. सख्ख्या भावाचा इतका राग मला जन्मात आला नव्हता! पण तिने मान वर केली, त्याला नीट न्याहाळलं आणि निराश होऊन म्हणाली, "काका." उतरली की खाली!

दोघांच्या मधे उभी राहून ती बिचारी आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. एकाकडे केस, एकाकडे बाबा. शेवटी हुंदके देत माझ्याकडेच आली. खांद्यावर डोकं टेकलं. हात गालावरून फिरला, मानेवरून फिरला आणि कानापाशी थांबला. झुपका सापडला! तिने तो असा गच्च धरला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं दुखलं म्हणून आलं असं भावाला सांगितलं.

"बाबा," ती पुटपुटली आणि झोपली.

"एवढे केस मी घेऊन आलो, आणि झोपली तुझ्या कानाला!" भाऊ बटणं लावत फुरंगटून म्हणाला.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. बायकोने तो माझ्या मोकळ्या कानाला लावला. लेझरवाल्या बाई होत्या.

"सर, कानांसाठी कधीची वेळ देऊ?"

मान वाकडी, जागचं हलायची सोय नाही. मी हळूच म्हटलं, "बाई, मालकीण झोपलीय. उठली की विचारून सांगतो."